हवालदारांनी जुन्या केलेल्या टोप्या

आमच्या घरमालकांची माणूस पारखायची रीत जगावेगळी होती. मी अमरावतीत खोली मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार तर नाहीच नाही. ओसरीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डोकं मोठं हाय जी तुमचं. आत कायी हाय का नुस्ती पगडीच पगडी?"

मी पुण्याकडचा, त्यात नवीन नोकरीचा तोरा. असलं बोलणं मला मिरचीसारखं झोंबलं. पण खोली हवेशीर होती आणि विहीर दारातच होती, म्हणून डोक्याचा अपमान पोटात घातला. पुढे कळलं की ते सगळ्यांचीच डोकी पाहत. त्यांच्या कमरेला एक सुतळी असायची, तिला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या. रस्त्यात पोर दिसलं की ते त्याला उभं करायचे, सुतळी डोक्याभोवती फिरवायचे, गाठ मोजायचे आणि काही न बोलता पुढे चालू लागायचे. नवीन माणसाला वाटे, म्हातारा करणी करतोय.

सारं गाव त्यांना हवालदार म्हणे. एलिचपूरच्या छावणीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. वलगावला भावासोबतच्या वाटणीत आलेलं थोडं काळं रान होतं, ते पुतण्याच्या हवाली केलेलं. तिन्ही मुली सासरी. घरात ते आणि हवालदारीणबाई, दोघंच. आणि सुया.

हो, सुया. आमचे हवालदार विणायचे. आज हे वाचणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही, पण त्या काळी आमच्याकडे बायासुद्धा विणत नसत. शिवत, गोधड्या टाचत, पण दोन सुयांवर सूत खेळवून कापड करायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या कामाला गावात नावही नव्हतं. "हवालदार सुया लढवून राहिले," असं लोक म्हणत. छावणीत एकदा पाय मोडून ते दवाखान्यात पडले होते. तिथे एका गोऱ्या सार्जंटची मडम मोजे विणत बसायची. यांची बोली तिला कळेना, तिची यांना. मी एकदा विचारलं, "मडमेनं शिकवलं का तुम्हाला?" तर म्हणाले, "ते कायले शिकवते? म्या तिच्या बोटाईवर पहारा ठेवला."

सुया लोहाराकडून करून घेतलेल्या लोखंडी. लोकर धनगरांकडची, घोंगडीची, काळी आणि खरखरीत. पावसाळी दिवसांत घराला मेंढवाड्याचा वास यायचा. ते विणत ते कवायतीच्या तालावर, तोंडाने "उलट, सुलट, उलट, सुलट" असं हुकूम सोडत. आणि एखादा टाका चुकला तर त्याला नाव ठेवून, शिवी देऊन, सगळी ओळ उसवून टाकत. एक टोपी त्यांच्या हातून सहज म्हणून कधी उतरली नाही. हवालदारीणबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "इतक्या दिसात बाई लेकरू जनते, न् यायची टोपी होत नाई!" त्यावर हवालदारांचं उत्तर ठरलेलं. "वाकडी टोपी म्हंजे वाकडा शिपाई. असल्या शिपायाले मी फाटकाच्या आत घेत नाई."

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायला मला आधी स्वतःबद्दल सांगावं लागेल, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

मी एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीत कारकून होतो. ती वर्षं कापसाच्या वेडाची. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. लोकांनी गाद्या उसवल्या, दुलया उसवल्या, बाळंतिणीची उशीसुद्धा सोडली नाही; आतला कापूस काढून विकला आणि रिकाम्या खोळी पांघरून झोपले. कापूस पिंजून गाद्या भरणारे एक म्हातारे पिंजारी आमच्या गल्लीत राहत. त्यांना आता लोक गाद्या भरायला नव्हे, उपसायला बोलवत. ते म्हणायचे, "मियां, सारी उमर लोगों को सुलाया. अब जगाके जा रहा हूँ."

वखारीत चरख्यांवर सरकी काढायला बाया येत, पार तेल्हाऱ्याकडून, चांदूर बाजाराकडून. त्यांची पोरं तिथेच अंगणात पडलेली असत. माघाची थंडी, भोवती माणसाहून उंच कापसाचे ढीग, आणि पोरांच्या डोक्यावर कापूस असायचा तो उडून केसांत अडकलेला, तेवढाच. सुट्टीच्या वेळी बायांना फाटकाशी पदर झाडायला लावत, कुणी कापूस चोरून नेऊ नये म्हणून. पदर नीट झाडला की नाही हे पाहायला मी उभा असे. तेव्हा मला यात काही गैर वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

हवालदारांना वाटलं. ते एकदा मला घरचा काही निरोप सांगायला म्हणून वखारीत आले, फाटकाशी थबकले आणि पोरांची डोकी मोजत सुटले. घरी आल्यावर म्हणाले, "कारकून, डोकं गरम असन त शिपाई जित्ता राह्यते. पाय बिय मंग पाहू." झालं. दिवाळीपासून सुया चालू झाल्या त्या थांबल्याच नाहीत.

वीसेक टोप्या झाल्या तेव्हा ते पांढरं स्वच्छ धोतर नेसून, डोक्यावरचं भलंमोठं तांबडं पागोटं नीटनेटकं करून वखारीत गेले आणि एकेका पोराच्या मापाची टोपी एकेका आईच्या हातात दिली. बाया पाया पडल्या. हवालदार त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. दुसऱ्या दिवशी पाहायला गेले, तर एकाही पोराच्या डोक्यावर टोपी नव्हती. एक झोळीच्या दोरीला बांधलेली, एक गाठोड्यात, बाकीच्या कुठे दिसेनात. हवालदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेल्हाऱ्याकडची एक बाई चरखी फिरवत होती, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. तिच्या मांडीशी सात-आठ महिन्यांचा मुलगा नाक वाहवत पडला होता. नाव उकंडा. ज्यांची मुलं जगत नाहीत ते लोक पोर जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलतात आणि हे नाव ठेवतात. मृत्यूला वाटावं, हा टाकलेला माल आहे.

"टोपी कावून घातली नाई व याले?"

बाईने चरखी थांबवली नाही. "नवी हाय जी ते."

"नवीच देली! जुनी देऊ का मी तुले?"

"जुनी असती त घातली असती," ती म्हणाली. "माहे दोन गेले. याच्या अंगाले मी नवं सूत लागू देत नाई. कोन्या म्हाताऱ्याच्या अंगावरचं असन, जगल्या-वाचल्या मानसाचं, तेच घालतो. नव्यावर तिची नजर पडते."

ती म्हणजे लेकरं उचलून नेणारी, हे हवालदारांनी न विचारता ओळखलं. मलाही समजलं. म्हाताऱ्याच्या धोतराचं टोपडं करून बाळाला घालायची रीत आमच्या पुण्याकडेही होती. पण त्या टोप्या धोतराच्या नव्हत्या आणि त्या विणण्यात त्यांनी जीव ओतला होता. ज्या नवेपणाचा त्यांना गर्व होता, तोच आडवा आला होता.

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. अंगणात बसून त्यांनी आपल्याच टोप्या राखेत लोळवल्या, मातीत घासल्या, उन्हात टाकल्या, परत घासल्या. ज्या माणसाने एका टाक्यासाठी अख्खी ओळ उसवली, त्याने! हवालदारीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तो मळका ढीग घेऊन ते परत वखारीत गेले. उकंडाच्या आईने एक टोपी हातात घेतली, उलटून पाहिली, वास घेतला आणि परत दिली.

"हे मळलेली हाय जी. जुनी नाई."

हवालदार तो ढीग घेऊन घरी आले. संध्याकाळी त्यांनी सगळ्या टोप्या रिठ्याच्या पाण्यात धुतल्या आणि ओसरीवर वाळत घालून त्यांच्याकडे बघत बसले.

इथे त्यांच्या पागोट्याबद्दल सांगायला हवं. ते पागोटं मी कधी उतरलेलं पाहिलं नव्हतं. जेवताना डोक्यावर, विहिरीवर पाणी शेंदताना डोक्यावर. छावणीत एका नव्या साहेबाने सगळ्यांना पागोटी काढायला सांगितली तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, "जोडे काढतो साहेब. हे डोक्यासोबतच निंगन." लोक ही गोष्ट खरी मानत. मी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "खरी-खोटी देवाले मालूम. पन यायचं टक्कल म्या सोडून कोनी पायलं नाई."

आणि पुरुषाचं उघडं डोकं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घरात कुणी गेलं, तरच माणूस उघड्या डोक्याने रस्त्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार ओसरीवरून उतरले, तेव्हा पागोटं नव्हतं. गुळगुळीत टक्कल, आणि त्याच्या अगदी शेंड्यावर उकंडाच्या मापाची काळी टोपी, हनुवटीखाली बंद बांधलेली. ती त्यांच्या डोक्याला कशी पुरणार! मला हसू आवरेना. मी खोलीत जाऊन हसलो, एवढी लाज ठेवली.

ते तसेच कापसाच्या बाजारातून, भर गर्दीतून, छाती काढून चालत गेले. दलाल भाव सोडून पाहू लागले. ओळखीचा एक जण धावत आला. "हवालदार, कोन गेलं हो घरचं?"

"अजून कोनी नाई," हवालदार म्हणाले. "म्हनूनच त."

दिवसभर ते वखारीच्या अंगणात बायांच्या समोर बसून राहिले. डोक्यावर टोपी, हातात सुया. चरख्या थांबवून बाया पाहत होत्या, हसत होत्या. सुट्टी झाली तेव्हा त्यांनी बंद सोडला, टोपी काढली आणि उकंडाच्या आईपुढे धरली. "साठ वर्साच्या वर झालं हे डोकं. तीन लढाया पायल्या. अजून जागेवर हाय. आता झाली का जुनी?"

बाईने टोपी घेतली, हसणं थांबवलं आणि तिथल्या तिथे पोराच्या डोक्यावर चढवली. बसली बरोबर. लोकर खरखरीत होती म्हणून उकंडा रडला, पण टोपी राहिली.

आता अडचण अशी की डोकं एक आणि टोप्या वीस. दिवसभर घातल्याशिवाय बाया जुनी मानायला तयार नव्हत्या, आणि एका दिवसात एकाच टोपीचं वय वाढे. मी म्हणालो, "एखादी मी घालू का?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं डोकं अजून कोरं हाय. कामाचं नाई." म्हाताऱ्या डोक्यांसाठी त्यांनी गाव पालथं घातलं. पण पैसा आलेल्या माणसाचं पागोटं अधिकच घट्ट बसतं. उघडं डोकं अशुभ, असं म्हणून प्रत्येकाने हात वर केले. शेवटी आमचे पिंजारी उठले. "हवालदारसाब, हमारे सर पे तो टोपीच रहती. उसमें क्या शरम?" आणि आपली टोपी खिशात घालून त्यांनी पोराची टोपी डोक्यावर ठेवली. मी हळूच उकंडाच्या आईला विचारलं, पिंजाऱ्याची चालेल का? ती म्हणाली, "जगला ना बापा तो? मंग झालं."

तेव्हापासून वखारीच्या अंगणात दोन म्हातारे लेकराच्या टोप्या घालून शेजारी शेजारी बसू लागले. वखारीचे मालक आले, त्यांनी पाहिलं, बायांचे हात मंदावलेले पाहिले आणि मला सांगितलं, "उद्यापासून या दोघांना आत घ्यायचं नाही."

फाटक मी लावलं. हे दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. मी म्हणालो, "हवालदार, माझा नाइलाज आहे." ते रागावले नाहीत. "हुकूम म्हंजे हुकूम," म्हणाले आणि फाटकाबाहेर, जिथून बायांना फटीतून दिसेल अशा जागी बसले. आत ढिगांचा आडोसा होता. बाहेर उघड्यावर वारा. पिंजारी दुपारी जेवायला घरी जाऊन येत. हवालदार सुट्टी होईपर्यंत हलत नसत. दिवसाला दोन टोप्या जुन्या होत आणि फाटकावरच वाटल्या जात. दहा-बारा दिवस हे चाललं. मी रोज फाटकातून जात-येत होतो आणि रोज मान खाली घालत होतो. मालकांकडे जाऊन एक शब्द बोललो असतो तर नोकरी गेली नसती. बोललो नाही.

शेवटच्या टोपीच्या दिवशी हवालदारांना खोकला लागलेला होता. उकंडाच्या आईने तो ऐकला आणि वऱ्हाडी माणूस बोलतो तसं सरळ तोंडावर सांगितलं, "हवालदार, जपा बापा. तुमी गेले त तुमी जुन्या केल्या त्या साऱ्या उतरवा लागतीन. मेल्या मानसाचं लेकराच्या डोक्यावर ठेवत नसतात. तो त सोबत ओढून नेते."

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते घरी आले, अंथरुणावर पडले आणि बाईंना म्हणाले, "होळीपर्यंत मले मरता येत नाई." होळी जळाली, थंडी पळाली, असं आपल्यात म्हणतातच. होळीला जवळपास महिना होता.

ताप चढत गेला. वैद्य येऊन मान हलवून गेले. चौथ्या दिवशी हवालदारांनी मला बोलावलं. "कारकून, गाडी जोडाले सांगा. मले वलगावले न्या. इथं मेलो त सांजलोक वखारीत खबर जाईन." वलगाव जवळ असलं तरी वखारीतल्या बायांचं तिथे कुणी नव्हतं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "न् तू. मी गेलो तरी होळी पेटेपर्यंत मी हाओ. समजलं?"

बाई म्हणाल्या, "समजलं."

मी रजा टाकून सोबत गेलो. तेवढं तरी करायला हवं होतं. वलगावच्या घरी ते दहा-अकरा दिवस टिकले, निव्वळ हट्टावर. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "किती दिस राह्यले?" मी सांगायचो. एका सकाळी त्यांनी विचारलं नाही. पुतण्याने अग्नी दिला.

नदीवरून परतलो तेव्हा घरच्या बाया हवालदारीणबाईंभोवती बसल्या होत्या. एकीच्या हातात दगड होता, बांगड्या फोडायला. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "होळीनंतर फोडा," त्या म्हणाल्या. "मालकायचा हुकूम हाय." आधी सगळ्यांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मग समजावणं झालं, मग शिव्या झाल्या. मोठ्या जावेने कपाळाचं कुंकू पुसायला हात लावला, तर बाईंनी तो मनगटाला धरून खाली ठेवला. मी अंगणात उभा होतो. खरं सांगतो, माझ्यातल्या पुणेकराला ते पाहवेना. नवऱ्याची चिता अजून विझली नव्हती आणि बाई कुंकू लावून बसल्या होत्या. त्या घरात कुणी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

तेराव्याची वाट न पाहता त्या अमरावतीला परत आल्या. दुसऱ्याच दिवशी ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर, अशा वखारीच्या फाटकाशी गेल्या. मी आतून फाटकाची कडी धरून उभा होतो. उकंडाच्या आईने फटीतून विचारलं, "हवालदार कसे हायत जी?"

"बरे हायत," बाई म्हणाल्या. "वलगावले उनात बसून राह्यते. खोकला गेला."

"मंग तुमी कावून आल्या त्याईले टाकून?"

"मले हाकललं. म्हने टोप्या पाहून ये, कोन्या पोट्ट्यानं उतरवली त मले येऊन सांग."

बाया हसल्या. हवालदारीणबाईही हसल्या. पिंजारी शेजारीच उभे होते. त्यांना खरं काय ते माहीत होतं. ते तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

असं त्या रोज जायच्या. रोज नवीन काहीतरी सांगायच्या. आज हवालदारांनी भाकर मागून खाल्ली, आज पुतण्याला शिव्या दिल्या, आज सुया मागितल्या. घरी आल्यावर दार लावून घेत. आतून रडण्याचा आवाज मी एकदाही ऐकला नाही, कारण भिंतीपलीकडे शेजार होता. गल्लीतल्या ज्या एक-दोघींना वलगावची कुणकुण लागली होती, त्यांनी बाईंच्या हातचं पाणी बंद केलं. त्यांना अवदसा म्हणाल्या. बाईंचं फाटकाशी जाणं थांबलं नाही.

त्या थंडीत वखारीतलं एकही पोर दगावलं नाही, असं मी म्हणणार नाही. दोन गेली. पण टोपीवाल्यांत उकंडा होता, तो राहिला. मी फाटक लावलं, आणि एका बाईने स्वतःचं कपाळ पुढे करून थंडी थोपवून धरली, हे मला आजही एका दमात बोलता येत नाही.

गावोगाव होळ्या पेटल्या. धुळवडीच्या सकाळी ऊन चटका देत होतं. मी विहिरीवर होतो, तेव्हा बाई ओसरीवर आल्या. कपाळ कोरं होतं. हात मोकळे होते. बांगड्या त्यांनी एकटीनेच फोडल्या होत्या, मनगटावर रक्ताचा ओरखडा होता.

"कारकून," त्या म्हणाल्या, "जा आता वखारीत. सांगा साऱ्याईले, मालक गेले. न् पाहा, आज गेले म्हना. आधी गेले म्हनू नका. उगाच त्या बाया भेतीन, का मेल्याची टोपी इतके दिस लेकराच्या डोक्यावर होती."

मी मान हलवली. त्या उंबऱ्यावर बसल्या, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं रडू एकदम फुटलं. ताज्या प्रेतावर रडावं तसा त्यांनी हंबरडा फोडला. गल्ली रंगाचे हात तसेच घेऊन धावत आली. "कवा गेले? कवा गेले हो?" सगळे मलाच विचारू लागले.

मी म्हणालो, "आज सकाळी."